विश्वस्तांस मानधन असावे काय?

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत संस्थेच्या स्थापनेची हकीगत, देणगीदारांची नामावली आणि दिवंगत कार्यकर्त्यांची छायाचित्रे असावीत, हे योग्यच आहे. परंतु ज्या संस्थेला आणखी पन्नास वर्षे जगावयाचे आहे, तिने अशा प्रसंगी एखाद्या अवघड प्रश्नाचाही विचार केला पाहिजे. असा एक प्रश्न गेली दोन-तीन वर्षे आपल्या वार्षिक सभेच्या आधी व नंतर, शहापुरातील खडेबाजारात, कपिलेश्वराच्या वाटेवर आणि वडगावच्या विणकरांच्या घरी बोलला जातो. सभेत मात्र कोणी तो मांडीत नाही. विश्वस्त मंडळातील मंडळींनी आपल्या कामाचा मोबदला घ्यावा की न घ्यावा, हा तो प्रश्न.

एक पक्ष म्हणतो, “विश्वस्ताने पैसा घेतला की विश्वास संपला.” दुसरा पक्ष विचारतो, “चिटणिसाने रोज दोन-दोन तास संस्थेसाठी खर्च करावयाचे, वर चपला झिजवावयाच्या, आणि ते किती दिवस?” दोन्ही पक्षांच्या मनात संस्थेचे हितच आहे. म्हणून कोणाच्याही हेतूविषयी शंका न घेता या विषयाचा थोडा अभ्यास वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

तीन निराळी माणसे

या वादात बराचसा घोटाळा होतो तो एका कारणाने. धर्मादाय संस्थेत तीन निराळ्या भूमिका असतात आणि आपण त्यांची सरमिसळ करतो. पहिला दाता; तो आपले धन देतो. दुसरा विश्वस्त, तो ते धन राखतो व कोठे लावावयाचे ते ठरवितो. तिसरा सेवक, तो प्रत्यक्ष राबतो, म्हणजे शिकवितो, हिशेब लिहितो, इमारत झाडतो, रुग्णाची शुश्रूषा करतो.

आपल्या जुन्या गावगाड्यात हा भेद स्पष्ट होता. देवळातील पूजाअर्चा करणाऱ्या गुरवाला इनाम जमीन असे, कारण त्याचा दिवस त्या कामात जात असे. ज्याने देवळाला जमीन दिली त्याचे नाव दानपत्रात राही. आणि देवळाचा कारभार पाहणाऱ्या पंचांना मिळे तो मान. जत्रेत पहिला नारळ, पहिला विडा. पंचाने गुरवाच्या इनामावर डोळा ठेवला तर गाव त्याला नावे ठेवी, आणि गुरवाला इनाम आहे म्हणून त्याला कोणी लोभी म्हणत नसे.

आपल्या बेळगाव जिल्ह्यातच अर्वाचीन काळातील उदाहरण आहे. शिरसंगीचे लिंगराज देसाई यांनी आपली मालमत्ता समाजाच्या शिक्षणासाठी दिली, ते दाता. १९१६ साली बेळगावात सात तरुण शिक्षकांनी, उदार देणगीदारांच्या साहाय्याने, कर्नाटक लिंगायत शिक्षण संस्था स्थापन केली. त्यांना लोक ‘सप्तर्षी’ म्हणतात. पुढे १९३३ साली त्या संस्थेचे महाविद्यालय निघाले, त्याला लिंगराजांचे नाव मिळाले. धन एकाचे, राबणूक दुसऱ्यांची, आणि दोहोंचा मेळ घालणारे व्यवस्थापक मंडळ, अशा रीतीने संस्था मोठी होते. कधी कधी एकच मनुष्य तिन्ही भूमिका करतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले. अशी माणसे वंदनीय होत. परंतु त्यांच्या त्यागाचा आपण नियम करू लागलो तर ते अन्यायाचे होईल, कारण मोडावयास दागिने सर्वांच्या घरी नसतात. थोरांचे चरित्र हे प्रेरणा घेण्यासाठी असते. कार्यकर्त्यांवर आकारावयाची ती वर्गणी नव्हे.

कायदा काय म्हणतो

शहापूरने एका पिढीत अनेक राज्ये पाहिली. १९४८ पर्यंत ते सांगली संस्थानात होते. मग मुंबई राज्यात आले. १९५६ साली म्हैसूर राज्यात गेले, आणि १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. राज्य बदलले तसे काही कायदेही बदलले, परंतु विश्वस्ताविषयीचे मूळ तत्त्व सर्वत्र तेच राहिले.

१८८२ च्या भारतीय न्यास कायद्यातील ५० वे कलम सांगते की, न्यासपत्रात तसे स्पष्ट लिहिले नसेल, अथवा न्यास स्वीकारतेवेळी लाभार्थींशी किंवा न्यायालयाशी तसा करार झाला नसेल, तर विश्वस्ताला आपल्या श्रमाबद्दल, कौशल्याबद्दल किंवा गमावलेल्या वेळेबद्दल मोबदला मागण्याचा हक्क नाही. त्याच कायद्याच्या ३२ व्या कलमाने मात्र विश्वस्ताला न्यासाच्या कामी योग्य रीतीने झालेला खर्च न्यासाच्या मालमत्तेतून परत घेण्याचा हक्क दिला आहे. आणि ५१ वे कलम बजाविते की, न्यासाची मालमत्ता विश्वस्ताने स्वतःच्या नफ्यासाठी वापरता कामा नये. हा कायदा मुळात खासगी न्यासांचा आहे, सार्वजनिक धर्मादाय संस्थांना तो जसाच्या तसा लागत नाही. तरी त्यातील तत्त्वे न्यायालये सार्वजनिक न्यासांच्या बाबतीतही मानीत आली आहेत.

सार्वजनिक संस्थांसाठी १९५० साली मुंबई राज्याने सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा निराळा कायदा केला. त्या वेळी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, आणि १९५६ नंतरही तो कायदा या भागात चालू राहिला. आपल्याकडील जुन्या संस्थांच्या दप्तरात धर्मादाय खात्याचे जे नोंदणीपत्र सापडते, ते त्याच कायद्याचे. संस्थेची नोंदणी, विश्वस्तांची नावे, मालमत्तेची यादी, दरवर्षी हिशेबतपासणी, आणि स्थावर मालमत्ता विकण्यापूर्वी किंवा दीर्घ मुदतीने भाड्याने देण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी, असे त्याचे मुख्य अंग. महाराष्ट्रात तो आता महाराष्ट्राच्या नावाने चालतो.

प्राप्तिकराच्या बाबतीतही एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या १३ व्या कलमाने विश्वस्ताला किंवा त्याच्या नातलगाला पगार अथवा भत्ता देणे सरसकट निषिद्ध ठरविले नाही. केलेल्या कामाच्या मानाने ‘वाजवी’ असेल त्याहून अधिक रक्कम दिली, तर मात्र त्या संस्थेची करमाफी धोक्यात येते, अशी मर्यादा त्याने घातली.

तात्पर्य, कायद्याची भूमिका कठोर नाही, सावध आहे. विश्वस्तपणाबद्दल हक्काचा पगार नाही. पदरचा खर्च परत घेण्यास प्रत्यवाय नाही. आणि खास परवानगीने, खऱ्या कामाबद्दल, वाजवी मोबदला देण्यास दार किलकिले ठेवलेले आहे. त्या दाराचा उपयोग करावा की नाही, हे संस्थेच्या सभासदांनी ठरवावयाचे आहे.

थोर माणसांचाही वाद झाला होता

कोणी म्हणेल, मंडळी चांगली असली म्हणजे असले प्रश्न उद्भवतच नाहीत. तसे नाही. अगदी निःस्पृह माणसांतही या प्रश्नावर तंटे झाले आहेत.

१८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले. चिपळूणकर, टिळक, नामजोशी, आगरकर, आपटे अशी ही मंडळी. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज. तेथील आजीव सभासद अल्प वेतनावर आपले आयुष्य संस्थेला देत. गोपाळराव गोखले यांनी वीस वर्षे पंचाहत्तर रुपये दरमहावर काम करण्याचे पत्करले होते. एवढ्या विद्वत्तेच्या माणसांना सरकारी नोकरीत याच्या कितीतरी पट मिळाले असते. तरीही वेतन किती असावे, ते वाढवावे काय, सभासदाने बाहेर मिळकत करावी काय, संस्थेचा वेळ बाहेरच्या कामात खर्च करावा काय, यावरून त्यांच्यात तीव्र मतभेद झाले. आणि १८९० साली लोकमान्य टिळक राजीनामा देऊन बाहेर पडले. मतभेदाला इतरही कारणे होती, हे खरे. परंतु पैशाचा आणि वेळेचा प्रश्न हे त्यातील एक मोठे कारण होते.

या हकीगतीत टिळक बरोबर की आगरकर बरोबर, हे ठरविण्याचे येथे प्रयोजन नाही. संसार असलेल्या माणसाने चार रुपये अधिक मागणे हा गुन्हा नव्हे, आणि त्यागाच्या पायावर उभारलेल्या संस्थेने तो पाया हलू देऊ नये असे म्हणणे हाही हट्ट नव्हे. आपण घ्यावयाचा बोध निराळा आहे. तेथे शिकविणारे, वेतन घेणारे आणि अंतर्गत कारभार पाहणारे हे बव्हंशी एकच होते. देणारा हात आणि घेणारा हात एकाच शरीराचा असला की, माणसे कितीही थोर असोत, घर्षण होतेच.

गोखल्यांनी पुढे १९०५ साली भारत सेवक समाज काढला, तेव्हा हा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. सभासदाने स्वतःसाठी द्रव्यार्जन करावयाचे नाही, आणि संस्था त्याच्या व त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहासाठी जी तरतूद करील तीत समाधान मानावयाचे, असा नियम त्यांनी आरंभीच प्रतिज्ञेत घालून ठेवला. वाद होण्यापूर्वी नियम लिहिला, ही त्यांची दूरदृष्टी.

दुसरे उदाहरण महात्मा गांधींचे. १९२४ साली बेळगावास भरलेल्या काँग्रेसचे ते अध्यक्ष होते, ही गोष्ट आपल्याकडे लहान मुलासही ठाऊक असते. त्याच्या तीस वर्षे आधी, १८९४ साली, डरबन येथील हिंदी व्यापाऱ्यांनी त्यांना सार्वजनिक कामासाठी तेथेच राहण्याचा आग्रह केला. गांधीजींनी आत्मचरित्रात लिहिले आहे की, सार्वजनिक कामाची फी घेण्यास त्यांनी साफ नकार दिला. परंतु घरखर्च तर चालला पाहिजे. तेव्हा सुमारे वीस व्यापाऱ्यांनी आपापली वकिली कामे एक वर्षासाठी त्यांच्याकडे दिली. सार्वजनिक सेवा विनामूल्य, आणि वकिलीचे दाम वकिलीसाठी. दोन खाती निराळी. पुढे १९०१ साली तेथून निघतेवेळी लोकांनी दिलेले सोन्याचे दागिने व मौल्यवान भेटी, कस्तुरबांच्या गळ्यातील हारासह, त्यांनी समाजाच्या कामासाठी विश्वस्तांच्या स्वाधीन केल्या. सेवेबद्दल मिळालेले ते सेवेचेच, असा त्यांचा विचार होता. कस्तुरबांना हा निर्णय सहज पटला नव्हता, हेही त्यांनी प्रांजळपणे सांगितले आहे. आणि ज्यांच्या घरी असा कार्यकर्ता आहे त्या भगिनींना ते वाचून आपल्या मनातले कोणीतरी बोलले असे वाटेल.

मानधनाच्या बाजूने

आता मानधन असावे असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे नीट ऐकून घेऊ.

त्यांचा पहिला मुद्दा कामाचा. पन्नास वर्षांपूर्वी एक वही व एक कुलूपबंद पेटी एवढ्यावर संस्था चाले. आज हिशेबतपासणी, करखात्याची विवरणपत्रे, बँकेचे कागद, संगणकावरून भरावयाचे नमुने, इमारतीचे परवाने हे सर्व मुदतीत व्हावे लागते. चूक झाल्यास दंड होतो. हे काम फावल्या वेळचे राहिलेले नाही.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. पद विनामूल्य ठेवले म्हणजे ते ज्याला परवडते त्याच्याच वाट्याला येते. इंग्लंडात पार्लमेंटच्या सभासदांना १९११ सालापर्यंत नियमित वेतन नव्हते. त्यामुळे गिरणीतील किंवा खाणीतील मजुराला निवडून येऊनही तेथे बसणे कठीण होते. त्या वर्षी वर्षाला चारशे पौंड वेतन सुरू झाले, आणि गरीब माणसाची ती अडचण बरीच दूर झाली.

आपल्याकडेही हे घडते. काही वर्षांपूर्वी आम्ही एका विणकर गृहस्थांना विश्वस्त होण्याची विनंती करण्यास गेलो होतो. मनुष्य सचोटीचा, समाजात शब्दाला मान. मागावरून न उठताच त्यांनी आमचे ऐकून घेतले आणि म्हणाले, “येतो की वो मास्तर. पण तुमची सभा दुपारी तीनला. तुम्ही दुकानावर गडी ठेवून येता. माझ्या मागावर कोण बसणार?” आमच्यापैकी कोणाजवळच उत्तर नव्हते. त्यांचे नाव मागे पडले आणि ती जागा एका दुकानदार गृहस्थांस मिळाली. शहापूरचे लुगडे ज्यांच्या हातांनी नावारूपास आणले, त्यांचाच हात मंडळाच्या ठरावावर नाही, ही गोष्ट आम्हांस त्या दिवशी प्रथमच खटकली. ती आजही खटकते.

मानधनाच्या विरुद्ध

इतके असूनही विरुद्ध पक्षाचे म्हणणे हलके नाही.

पहिली गोष्ट साध्या हिशेबाची. समजा, एका लहान संस्थेचे वार्षिक उत्पन्न तीन लाख रुपये आहे आणि तिचे नऊ विश्वस्त आहेत. प्रत्येकास दरमहा केवळ एक हजार रुपये द्यावयाचे म्हटले, तरी वर्षाला १,०८,००० रुपये होतात, म्हणजे उत्पन्नाच्या एक तृतीयांशाहून अधिक. एका विद्यार्थ्याला वर्षास सहा हजारांची शिष्यवृत्ती धरली, तर तेवढ्या रकमेत अठरा विद्यार्थी शिकले असते. अठरा मुलांच्या पालकांसमोर हा ठराव वाचून दाखविण्याचे धैर्य किती जणांस होईल?

दुसरी गोष्ट निर्णयाची. विश्वस्ताचे मुख्य काम ‘नाही’ म्हणण्याचे आहे. अयोग्य खर्चास नाही, अयोग्य नेमणुकीस नाही, वेळप्रसंगी अध्यक्षांच्या आवडत्या योजनेसही नाही. ज्याच्या घरखर्चाचा काही भाग त्या खुर्चीवर अवलंबून आहे, त्याला नाही म्हणणे जड जाते. आणि खुर्ची सोडणे त्याहूनही जड जाते. पदाला पगार लागला की निवडणुकीत सेवेची इच्छा असणारे मागे राहतात आणि नोकरी शोधणारे पुढे सरसावतात.

काही सभासद येथे सहकारी पतपेढीचा दाखला देतात. तेथील संचालकांना सभाभत्ता मिळतो, मग आपल्याला का नाही? परंतु पतपेढीतील पैसा सभासदांचा, नफा सभासदांचा, आणि भत्ताही ते आपल्याच नफ्यातून देतात. धर्मादाय संस्थेचा पैसा आपल्यापैकी कोणाचाच नाही. तो ज्या विधवेने दिला ती हयात नाही, आणि ज्या मुलासाठी दिला तो अजून शाळेतही गेलेला नाही. दोघेही सभेत येऊन हरकत घेऊ शकत नाहीत. त्या दोघांच्या वतीने बोलण्याची जबाबदारी म्हणजेच विश्वस्तपद होय.

न दिसणारे मानधन

येथवर विरुद्ध पक्ष वरचढ वाटेल. परंतु त्या पक्षाला एक प्रश्न विचारल्यावाचून पुढे जाता येत नाही. जेथे मानधन नाही, तेथे विश्वस्त खरोखरच काही घेत नाहीत काय?

अशी कल्पना करा की, एका संस्थेच्या मालकीचा रस्त्यावरचा गाळा आहे. बाजारभावाने त्याचे भाडे पाच हजार रुपये यावे. तो एका विश्वस्ताच्या मेहुण्याकडे जुन्या पाचशे रुपये भाड्याने आहे. दरमहा साडेचार हजार, म्हणजे वर्षाला चोपन्न हजार रुपये संस्थेचे गेले. हे विश्वस्त गृहस्थ सभेत अभिमानाने सांगतात, “मी संस्थेचा चहासुद्धा घेत नाही.” त्याऐवजी दरमहा हजार रुपये उघडपणे घेणारा विश्वस्त संस्थेला वर्षाला बारा हजारांतच पडला असता! गाळ्याप्रमाणेच सभागृह लग्नकार्यास फुकट देणे, शाळेत पुतण्याची नेमणूक, संस्थेची छपाई आपल्याच छापखान्यात, ठेव आपण संचालक असलेल्या पतपेढीत. ही सगळी मानधनेच आहेत. त्यांचा ठराव होत नाही, पावती होत नाही, आणि म्हणून हिशेबतपासनिसाला ती दिसत नाहीत.

इंग्लंडातील एका जुन्या खटल्यात हे तत्त्व फार कडकपणे सांगितले गेले. रमफर्डच्या बाजाराचा पट्टा एका अज्ञान मुलासाठी विश्वस्ताकडे होता. मुदत संपली, आणि मालकाने मुलाच्या नावे पट्टा पुन्हा देण्यास नकार दिला. तेव्हा विश्वस्ताने तो स्वतःच्या नावे घेतला. त्याने कपट केले असे कोणी म्हटले नाही. तरी १७२६ साली न्यायाधीशांनी तो पट्टा व त्याचा नफा मुलाचाच ठरविला. विश्वस्ताला असा मोह पडण्याची वाटच बंद असावी, हा त्या निकालाचा आशय.

म्हणून ‘विनामूल्य’ हा शब्द उच्चारला म्हणजे संस्था शुद्ध झाली, असे मानण्याचे कारण नाही. पाहावयाचे ते हे की, संस्थेतून विश्वस्ताकडे व त्याच्या घराकडे जे काही जाते ते वहीत दिसते की नाही.

एक कबुली

या लेखकाने बरीच वर्षे संस्थेचे खजिनदारपद सांभाळले. त्या काळात टपाल, रिक्षा, धारवाडची एखादी खेप, यांचा खर्च आम्ही कधी मागितला नाही. पेन्शन होते, मुले नोकरीस लागली होती, जमत होते. तो आपला सद्गुण आहे असेच आम्ही समजत होतो, आणि वार्षिक सभेत त्याबद्दल टाळ्याही पडत.

पुढे एक तरुण खजिनदार झाले. त्यांची नोकरी खासगी, संसार नवा. वर्षभराने त्यांनी राजीनामा दिला. कारण विचारता त्यांनी कामाचा व्याप सांगितला. खरे कारण फार उशिरा कळले. दर महिन्यास चार-पाचशे रुपये पदरचे जात होते, आणि ते मागावयाची त्यांना लाज वाटत होती. कारण त्यांच्या आधीच्या खजिनदाराने कधी एक पैसा मागितला नव्हता! आमच्या सद्गुणाने संस्थेचा एक चांगला कार्यकर्ता घालविला.

ज्याला परवडते त्याने खर्च न मागणे म्हणजे ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी उंबरठा उंच करणे होय. हे तेव्हाच कळले असते तर आम्ही प्रत्येक महिन्यास खर्चाची यादी देऊन पैसे घेतले असते, आणि इच्छा असल्यास तीच रक्कम देणगी म्हणून परत भरून पावती घेतली असती. संस्थेचा पैसा तेवढाच राहिला असता, परंतु खर्च मागण्याचा रिवाज पडला असता.

मग काय करावे

वरील सर्व विचार करता आमचे मत असे झाले आहे की, विश्वस्ताच्या खुर्चीला मोल लावू नये. परंतु त्या खुर्चीवर बसण्यासाठी कोणासही पदरचे घालावे लागू नये. आणि जे काम खरोखर पगारी आहे त्यास पगार द्यावा. या मताला धरून पुढील नियम सभासदांच्या विचारार्थ सुचवितो.

१. विश्वस्तपदाबद्दल मासिक मानधन अथवा सभाभत्ता असू नये. हे घटनेत स्पष्ट लिहावे.

२. संस्थेच्या कामासाठी झालेला प्रवास, टपाल, दूरध्वनी, झेरॉक्स इत्यादी खर्च प्रत्येक विश्वस्ताने पावतीसह मागितलाच पाहिजे. मागणे हा नियम, न मागणे हा अपवाद. ज्यास परत द्यावयाचा असेल त्याने देणगी म्हणून द्यावा.

३. सभा रात्री आठनंतर किंवा सुटीच्या दिवशी घ्याव्या, म्हणजे रोजावर काम करणाऱ्याचा रोज बुडणार नाही. बाहेरगावी जाणे भागच पडले व त्यात रोजगार बुडाला, तर त्या दिवसापुरती भरपाई द्यावी. तिचा दर सर्वसाधारण सभेने आधी ठरवावा, मंडळाने नव्हे.

४. रोजचे हिशेब, पत्रव्यवहार व विवरणपत्रे यांसाठी अर्धवेळ पगारी लेखनिक नेमावा. चिटणिसाच्या अंगावर लेखनिकाचे काम टाकून मग त्यास चिटणीस म्हणून मानधन देणे, हे औषध रोगाहून वाईट होय.

५. क्वचित एखाद्या विश्वस्ताच्या धंद्याची सेवा संस्थेस घ्यावी लागली, उदाहरणार्थ तो अभियंता असून इमारतीचे काम त्याने पाहावयाचे असले, तर लेखी करार असावा, रक्कम वाजवी असावी, ठराव होताना त्या विश्वस्ताने बाहेर बसावे, आणि अशी रक्कम घेणारे विश्वस्त मंडळात नेहमी अल्पसंख्य असावेत. इंग्लंडच्या २००६ च्या धर्मादाय कायद्याने साधारण अशाच अटींवर ही मुभा दिली आहे. अमेरिकेतील काही मोठ्या संस्था तर विश्वस्तपदाबद्दलही मोबदला देतात. परंतु त्यांच्या भांडवलाची आणि आपल्या पेटीची तुलना होऊ शकत नाही.

६. विश्वस्त व त्यांचे नातलग यांच्याशी झालेला प्रत्येक व्यवहार, मग तो गाळ्याच्या भाड्याचा असो की छपाईच्या बिलाचा, वार्षिक अहवालात एका स्वतंत्र पानावर छापावा. तसा व्यवहार नसेल तर ‘काही नाही’ असे छापावे. परंतु पान वगळू नये.

या सहा नियमांपैकी सहावा पाळला गेला तर बाकीच्या पाचांचे पुष्कळसे काम आपोआप होईल, असा आमचा अनुभव सांगतो. त्यास खर्च लागतो तो एका कागदाचा.

विचारार्थ प्रश्न

अभ्यासलेख वाचून बाजूस ठेवण्यासाठी नसतो. घरात चार माणसांनी बसून पुढील प्रश्नांची उत्तरे द्यावी, आणि आगामी वार्षिक सभेस ती घेऊन यावे, ही विनंती.

आपल्या घटनेत विश्वस्तांच्या मोबदल्याविषयी व खर्चाविषयी आज काय लिहिले आहे, ते आपण वाचले आहे काय? गेल्या दहा वर्षांत विश्वस्त झालेल्यांत रोजावर काम करणारा कोणी होता काय? भगिनी किती होत्या? सभेची वेळ कोणाच्या सोयीने ठरते? संस्थेचे गाळे व सभागृह कोणाकडे, किती भाड्याने आहे? आणि शेवटचा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारावयाचा: उद्या आपल्यालाच मंडळात येण्यास सांगितले, तर काय अडचण येईल?

ज्या विणकर गृहस्थांचा वर उल्लेख केला, ते आता थकले आहेत. त्यांच्या चिरंजीवांनी यंत्रमाग घातला आहे. पूर्वीचे उत्तर ठाऊक असल्यामुळे गेल्या महिन्यात आम्ही त्यांच्याकडे विचारावयास गेलो तेव्हा प्रथम सभेची वेळ सांगितली, रात्री साडेआठ. ते म्हणाले, “मग येतो की. एवढं आधी बाबांना का नाही सांगितलं?”

त्यांचे नाव आगामी सभेत सुचविले जाणार आहे. सभासदांनी अवश्य उपस्थित राहावे.